उशीची ओली बाजू

आधीच माफी मागते. माझे अक्षर मुंग्यांची रांग मोडल्यासारखे आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला आजही चकवते. अडलेला शब्द सरांनी दिलेल्या जाड कोशात बघून लिहिला आहे. पण आपण अडलो आहोत हेच जिथे कळले नाही, तिथे चूक राहिली असेल. सिंगापूरच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक निघायचा आहे. मी तिथे ज्यांच्या घरी कामाला होते, त्या मेधाताईंनी फोनवर सांगितले, "ज्याने त्याने आपापल्या कामाबद्दल लिहायचंय. शालनताई, तुम्हीही लिहा." मी हो म्हणाले. पाठवायचा धीर होणार नाही, हे हो म्हणतानाच मला माहीत होते. तेव्हा हे वहीतच राहील.

माझे काम म्हटले तर स्वयंपाकाचे आणि म्हातारे माणूस सांभाळण्याचे. कागदावर तेवढेच होते. पण मला सांगायचे आहे ते दुसऱ्याच कामाबद्दल. पावणेदोन वर्षे मी दृष्टी गेलेल्या एका माणसाची लेखनिक होते. आम्ही लिहीत होतो तो जर्मन सैन्यातले अधिकारी घडवणाऱ्या शाळांचा इतिहास. मिरजेत हे कुणाला सांगितले तर लोक हसतील, म्हणून सांगत नाही.

मी चौथी पास आहे. सिंगापूरला घरकामाला जायचे तर आठ वर्षे शाळा झालेली लागते. एजंटने एकदा माझ्याकडे बघितले, एकदा कागदाकडे बघितले आणि चारच्या जागी आठ लिहिले. म्हणाला, "तिथं कोण तुम्हाला निबंध लिहायला लावणारेय?"

विमानाचे भाडे, एजंटची फी, त्याच्या प्रशिक्षण केंद्रातला महिनाभराचा खर्च, हे सगळे मेधाताईंनी आधीच भरले होते आणि माझ्या पगारातून आठ महिने कापून घ्यायचे ठरले होते. मधेच मला परत पाठवले तर उरलेले पैसे भरायची हमी माझ्या धाकट्या बहिणीने दिली होती. सुमन लोकांचे कपडे शिवते. तिच्याकडे एक शिलाई मशीन आणि दोन मुली, एवढेच. तिची सही घेताना एजंटने हसत विचारले होते, "मशीन चांगलं चालतं ना?" ते वाक्य मला सिंगापुरात रोज आठवायचे. भांडी घासताना आठवायचे, लिफ्टमध्ये आठवायचे.

त्या केंद्राबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण पुढे त्यानेच घात केला. आम्ही बारा बायका होतो. वॉशिंग मशीन, इस्त्री, बाथरूम कोरडे ठेवणे, मान खाली घालून "येस मॅडम" म्हणणे, असे शिक्षण. रोज सकाळी केंद्रातल्या बाई पलंग तपासायच्या. चादरीचा कोपरा पाकिटासारखा दुमडलेला नसला की सगळे अंथरूण ओढून जमिनीवर टाकायच्या. रडायला बंदी होती. रडणाऱ्या बाईच्या कागदावर तसा शेरा पडे आणि मग तिला कुठलेच घर घेत नसे. म्हणून आम्ही सकाळी उठल्यावर पहिले काम काय करायचो, तर उशी उलटी करायचो. ओली बाजू खाली.

मेधाताईंचे घर क्वीन्सटाउनला, जुन्या वस्तीतल्या अकराव्या मजल्यावर. त्या विद्यापीठात संशोधन करत. पेशींचे काहीतरी, मला शेवटपर्यंत कळले नाही. घरात त्या आणि त्यांचे वडील, दोघेच. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबू अडकवायच्या खोबणी होत्या. शेजारपाजारच्या बायका ओल्या कपड्यांनी जड झालेला बांबू हातभर बाहेर वाकून त्यात बसवायच्या. मी तर खिडकीपासून दोन पावले मागेच उभी राहायचे. त्या काळात खिडकीतून पडलेल्या कामवाल्या बायांच्या बातम्या येत. मेधाताईंनी पहिल्याच दिवशी सांगितले, "कपडे आतच वाळत घाला. वास आला तरी चालेल." तेव्हापासून त्या बाईंबद्दल मला माया वाटू लागली आणि त्यांना फसवत असल्याची भीती दुप्पट झाली.

त्यांचे वडील, म्हणजे सर. सरांनी पुण्यात चाळीस वर्षे जर्मन शिकवले. त्यांच्या वर्गाला आपल्या लष्करातले अधिकारीही येत. त्यातल्या एकाने एकदा विचारले होते, "सर, यांचे अधिकारी एवढे शिकलेले, एवढे शिस्तीचे. मग त्या एका माणसापुढे यांच्यातल्या इतक्या जणांना 'नाही' का म्हणता आलं नाही? यांना शाळेत शिकवत होते तरी काय?" सरांना उत्तर देता आले नाही. निवृत्त झाल्यावर ते उत्तर शोधायला बसले. पुस्तके जमवली, टिपणे काढली, आणि लिहायची वेळ आली तेव्हा डोळे गेले. त्यांना कडेकडेचे दिसे, मधले दिसत नसे. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा नाही.

मी जाण्याआधी एक मराठी विद्यार्थी त्यांचे लिहून घ्यायला यायचा. त्याचा अभ्यास संपला, तो गेला. मला दोन महिने झाले होते. मेधाताई पोळी खाता खाता म्हणाल्या, "शालनताई, आठवी झालीय ना तुमची? मग मराठी लिहिता येईलच."

नाही म्हणायचे तर का नाही, ते सांगावे लागले असते. मी हो म्हणाले.

लेखनिकाचे काम बाहेरून सोपे दिसते. टेबलावर टीव्हीसारखे एक यंत्र होते. त्याखाली पुस्तक धरले की पडद्यावर वीतभर अक्षर उमटे. सर मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून एकेक जर्मन शब्द वाचत. वाक्य पुरे झाले की गप्प बसत. मग ते मराठीत सांगत. मी पेन्सिलने लिहायचे, एक ओळ सोडून एक. लिहून झाले की "हं" म्हणायचे. रविवारी मेधाताई ते कॉम्प्युटरवर उतरवत आणि माझे शुद्धलेखन नीट करत. त्यांना जर्मन येत नव्हते, त्यामुळे मजकूर बरोबर की चूक, हे फक्त सरांनाच ठाऊक.

सरांचा नियम एकच होता. कळले नाही, ऐकू आले नाही, मागे पडले, काहीही झाले तर पेन्सिल टेबलावर दोनदा वाजवायची.

"मला तुमचा चेहरा दिसत नाही, शालनबाई," ते म्हणाले. "तेव्हा तुम्हाला कळलं नाही, हे मला तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही."

मी पेन्सिल कधीच वाजवली नाही. एकदा वाजवली तर दहादा वाजवावी लागेल आणि दहादा वाजवली तर त्यांना चौथी ऐकू येईल, असे मला वाटे. मेधाताई तर एकदा माझी वही बघून हसत म्हणाल्या होत्या, "आठवीला मराठी शिकवायला कोण होतं हो तुम्हाला?" त्या दिवशी माझ्या हातून वरणात दोनदा मीठ पडले.

दोन-अडीच महिने मी अशीच लिहीत राहिले, आणि नको म्हटले तरी त्या शाळांमध्ये गुंतत गेले. सरांनी सांगितलेले मला समजले ते असे. फार पूर्वी तिथल्या राजाने सरदारांच्या मुलांना एका घरात आणून ठेवले. दहा-अकरा वर्षांची पोरे. थंड पाण्याने आंघोळ, घंटेवर जेवण. त्यातून अधिकारी व्हायचे. अधिकारी म्हणजे मोठ्या घरातला, हे ठरलेलेच. मग एका लढाईत ते सपाटून हरले. तेव्हा काही शहाणे लोक म्हणाले की नुसते घराणे बघून चालणार नाही, परीक्षा घ्या, शिकलेला असेल त्याला घ्या. युद्धशाळा निघाल्या. घराणेवाल्यांना ते रुचले नाही. परीक्षेचा कागद कमी पडला तरी राजाच्या मेहेरबानीने आत जाणारे पुढेही कितीतरी होते.

"कागद कमी, पण माणूस आत," सर हसून म्हणाले. "लिहिलंत?"

"हं," मी म्हणाले.

सरांच्या हाताला सगळे दिसायचे. एकदा त्यांनी आपल्या पलंगाचा कोपरा चाचपला आणि विचारले, "शालनबाई, तुम्ही कुठल्या पलटणीत होता?" मी चादर केंद्रातल्यासारखी दुमडत होते. मी म्हणाले, आमच्याकडे अशीच घालतात. हेही खोटेच.

मग तो दिवस आला. एका म्हाताऱ्या जर्मन अधिकाऱ्याने लहानपणी कॅडेटांच्या घरात काढलेल्या पहिल्या आठवड्याची आठवण लिहिली होती. सरांना ती पाने जवळजवळ पाठ होती. यंत्राकडे न बघता ते भराभर सांगत सुटले, मधे खोकत होते. पलंगाची तपासणी, मोठी मुले, घरून आलेली पेटी. मी मागे पडले. चार ओळी गेल्या, पाच गेल्या. पेन्सिल हातात होती. टेबल वीतभर अंतरावर होते. तेवढ्यात सर थांबले आणि म्हणाले, "झालं?"

मी म्हणाले, "हं."

दुपारी ते झोपल्यावर मी वही उघडली. मधे पाच ओळींची रिकामी जागा होती. ती तशी सोडली तर मेधाताई विचारणार. पलंगाची तपासणी एवढे मला आठवत होते. मग मी माझ्या मनाने लिहिले. लिहिले की सकाळी घंटा झाली की तो मुलगा आधी उशी उलटी करी. ओली बाजू खाली आणि कोरडी वर, म्हणजे तपासणाऱ्याने हात फिरवला तरी त्याला काही लागू नये. आणि शेजारच्या पलंगावरचा मुलगाही तेच करताना दिसला, तेव्हा दोघांनी एकमेकांकडे बघितले नाही.

लिहायला मला दोन मिनिटे लागली. इतके भराभर मी त्याआधी कधी लिहिले नव्हते.

माझ्या तिथल्या पाचव्या महिन्यात मंडळाने सरांना बोलावले. एका कॉन्डोच्या, म्हणजे श्रीमंत सोसायटीच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी. चाळीसेक माणसे होती, बहुतेक पुण्या-मुंबईची, मोठ्या नोकऱ्यांतली. सरांचा हात धरायला म्हणून मी गेले होते. सर सुरुवातीला थोडे बोलले आणि मग मेधाताईंनी कागदावरून ते प्रकरण वाचले. ते कुठले प्रकरण आहे हे मला पहिल्या वाक्यालाच कळले. उठून जावे तर सरांचा हात माझ्या हातात.

उशी आली. मेधाताई छान वाचतात, त्यांनी तिथे आवाज खाली नेला. सरांची बोटे माझ्या हातात एकदम ताठ झाली. ते मान वाकडी करून ऐकत राहिले, जर्मन वाचताना करत तशी.

वाचन झाल्यावर लोक भेटायला आले आणि जो तो उशीबद्दलच बोलू लागला. एका बाईंनी डोळे पुसले. एक साहेब म्हणाले, "सर, एवढ्या एका तपशिलात अख्खी संस्था उभी केली त्याने." कुणाची तरी मुलगी तिथल्या ढंगाच्या इंग्रजीत आईला म्हणाली, "सो सॅड, लाह." सर हात जोडत होते. "मूळ लेखकाचं श्रेय," एवढेच म्हणत होते. मी समोसे वाटत होते.

परतताना एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत मी सरांच्या समोर बसले होते. सुमनचे मशीन माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते. कोण माणसे ते उचलून नेतील, कुठल्या दाराने नेतील, हेसुद्धा मी बघून घेतले.

घरी आल्यावर सर त्यांच्या खुर्चीत बसले. मेधाताईंना म्हणाले, तूही बस. मग मला म्हणाले, "शालनबाई, त्या पुस्तकात उशी नाही."

मी उभीच होते.

"त्या जागी घरून आलेल्या पेटीची हकिकत आहे. पाच ओळी. त्या कुठे गेल्या?"

मग मी सगळे सांगितले. मागे पडले ते, केंद्रातल्या बाईंचे, बारा उशांचे. आणि सांगता सांगता, थांबायचे कळले नाही म्हणून, चौथीचेही सांगितले. ते सांगायची काही गरज नव्हती. तोंडातून निघून गेले.

मेधाताईंनी कपाट उघडून माझी फाइल काढली. "हे खोटं आहे? आणि यावर मी सही केलीय?" त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. सरकारकडे त्यांनी माझ्यासाठी जामीन भरला होता, त्यांचा स्वतःचाही तिथे राहायचा पास नोकरीवर अवलंबून. त्यांनी तिथल्या तिथे एजंटला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हाला मराठी बोलणारी, चांगला स्वयंपाक करणारी पाहिजे होती. दिली. नको असेल तर पाठवून द्या, बाकीचं इकडं बघून घेऊ."

ते इकडचे म्हणजे काय, हे तिथे मलाच फक्त ठाऊक होते.

त्या रात्रीच मी बॅग भरून दाराआड ठेवली. तीन दिवस स्वयंपाक करायचे, टेबलावर मांडायचे आणि आत जायचे. चौथ्या दिवशी सकाळी मेधाताईंनी मला बसायला सांगितले. म्हणाल्या, परमिट दोन वर्षांचे आहे, तोवर राहा. पण ते संपल्यावर मी नवे मागणार नाही. खोट्या कागदावर माझी दुसरी सही होणार नाही. त्या बोलताना माझ्याकडे बघत नव्हत्या. मी मान हलवली. त्यांचे चुकले असे मला तेव्हाही वाटले नाही. सुमनचे मशीन वाचले होते. पण ते घर मला दोन वर्षे भरल्यावर सोडावे लागणार, हेही ठरले होते आणि ते माझ्याच पेन्सिलीने.

सरांचे वेगळेच. त्यांनी मंडळाला पत्र लिहायला घेतले. रविवारी वाचलेल्या मजकुरातला उशीचा भाग मूळ पुस्तकातला नाही, आमच्याकडून चुकून आला, तो कुणी जर्मन कॅडेटाच्या नावावर सांगू नये. हे पत्र त्यांनी मलाच लिहायला लावले. मी म्हणाले, लोकांना तेच आवडले होते.

"तेच तर वाईट," सर म्हणाले. "तुमची उशी खरी आहे. ती त्या पोराच्या डोक्याखाली घातलीत, आणि आता त्याचीही खोटी झाली आणि तुमचीही."

त्यानंतर आम्ही पुढचे प्रकरण घेतले. पहिल्या महायुद्धानंतर जिंकलेल्यांनी ती मुलांची घरे बंद करायला लावली, मग तो एक माणूस आला, अधिकाऱ्यांनी त्याच्या नावाने शपथ घेतली, वर्षांचे शिक्षण महिन्यांवर आणून शाळांतून अधिकारी काढले, आणि सगळ्याची राख झाली. हे प्रकरण लिहिताना सर मधेमधे थांबत, पाणी मागत. मलाही भीती वाटे, पण ती निराळी. तिथे कुणीच पेन्सिल वाजवली नाही, असे मला वाटायचे. मी ते बोलले नाही. नंतर जे नवे सैन्य उभे राहिले, त्याच्या शाळांत शिकवू लागले की सैनिक आधी नागरिक असतो, आणि गुन्हा करायला सांगणारा हुकूम पाळायचा नसतो. आणखी एक जुनी रीत त्या सैन्यात होती, ती सरांनी मला मुद्दाम सांगितली. हुकूम मिळाला की ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा. म्हणजे सांगणाऱ्यालाही कळते, आपण काय सांगितले ते.

"आपणही तसंच करू," सर म्हणाले. "मी सांगणार, तुम्ही लिहिणार, आणि मग तुमच्या शब्दांत परत म्हणून दाखवणार. आणि अडलं की पेन्सिल."

परत म्हणून दाखवायला मी शिकले. काम निम्म्या वेगाने चाले, पण पानात भोक राहत नसे. पेन्सिल मात्र मला काही वाजवता येईना. हात उचलला की केंद्रातल्या बाई दिसायच्या. अडले की मी नुसती गप्प बसायचे आणि सर वाट बघून विचारायचे, "अडलंय?" ते म्हणायचे, हे फसवून पास होणे आहे.

पगारातून पैसे कापायच्या आठव्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी आम्ही टेबलाशी बसलो होतो. मेधाताई एक कागद घेऊन आल्या. इंग्रजीत होता, खाली दोन सह्यांच्या जागा. त्यांनी बोट ठेवले, "इथे करा."

आतापर्यंत जिथे बोट ठेवले तिथे मी सही केली होती. एजंटने ठेवले तिथे केली, विमानतळावर केली. सुमननेही तशीच केली होती. मी पेन खाली ठेवले. टेबलावर पेन्सिल होती ती उचलली. दोनदा वाजवायची ती तीनदा वाजली.

मेधाताई थांबल्या. सरांनी मान वर केली.

"नाही कळलं," मी म्हणाले. "वाचून दाखवा."

मेधाताई खुर्ची ओढून बसल्या. एकेक ओळ वाचत, तिचे मराठी सांगत गेल्या, सर सांगत तसे. शेवटची ओळ झाली तेव्हा सर म्हणाले, "आता शालनबाई, परत म्हणा."

मी म्हणाले, "माझ्यासाठी भरलेले सगळे पैसे माझ्या पगारातून फिटले. मेधाताईंचे माझ्याकडे काही येणे नाही. एजंटचे नाही. सुमनकडे कुणी काही मागायला जायचे नाही."

"शेवटचं यात नाहीये," मेधाताई हळूच म्हणाल्या.

"मग लिहा," सर म्हणाले.

त्यांनी ते खाली पेनाने लिहिले. लिहिलेले मला वाचून दाखवले. मग मी सही केली.